मिरजेहून पुण्याला, ब्रास ऐकायला

काका गेली ३४ वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. मिरजेत तंतुवाद्यं घडवणाऱ्यांची घराणी आहेत, त्यांचे तंबोरे आणि सतारी कुठेकुठे पोचल्या. वरातीपुढे फुंकणाऱ्याला मात्र कुणी कलावंत म्हणत नाही. पुण्यातल्या मित्राने कळवलं की साठीतल्या वादकांचे दोन जुने बँड, एक फंकवाला, म्हणजे ठेक्यावर चालणाऱ्या अमेरिकी नाचगाण्यांचा, आणि एक रॉकवाला, एकाच संध्याकाळी एकाच मंचावर येणार आहेत आणि दोघांकडे मिळून सहा फुंकवाद्यं आहेत. मी त्याच दिवशी दोन तिकिटं काढली आणि काकांना सांगितलं, त्या शनिवारची सुपारी घेऊ नका.

मंडळी हौशी आहेत. नोकऱ्या आणि मुलांची लग्नं उरकून पुन्हा तालमीला बसलेली. नावं छापू नका म्हणाले, म्हणून देत नाही. त्यांच्या कार्यक्रमाचा साचा मात्र जगजाहीर आहे. अमेरिकेतले दोन बँड, ‘शिकागो’ आणि ‘अर्थ, विंड अँड फायर’, २००४ पासून अधूनमधून एकत्र दौरे करत आले आहेत. पहिला १९६७ साली शिकागो शहरात जमला, दुसरा मॉरिस व्हाइट यांनी १९६९ साली त्याच शहरात उभा केला. म्हणजे एक रॉकच्या बाजूने आणि एक फंकच्या बाजूने आलेला, पण दोघांच्या पोटात ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारखी फुंकायची पितळी वाद्यं. एकत्र दौऱ्यात सुरुवातीला सगळे मिळून वाजवतात, मग प्रत्येकाचा वेगळा भाग, आणि शेवटी पुन्हा सगळे मंचावर. पुण्याच्या मंडळींनी हाच क्रम धरला होता.

मिरजेहून सकाळी कोयना एक्स्प्रेसने निघालो. खिडकीची जागा काकांना, वाद्याची पेटी मांडीवर. पेटी कशाला आणली विचारलं तर म्हणाले, “घरात एकटं ठेवून काय करू?” पुणे स्टेशनला उतरून आधी पोटपूजा. स्टेशनपासून चालत जाण्याजोगं वोहुमन कॅफे आहे, तिथे चीज ऑम्लेट आणि बन मस्का. कार्यक्रमाच्या आवारात खाण्याचे भाव चढे असतात आणि रांगेत उभं राहिलात की दोन गाणी हातची जातात, म्हणून पोटभर खाऊनच जा. स्टेशनवरून मेट्रोच्या वनाझ–रामवाडी मार्गाने बंडगार्डनला उतरलो, तिथून पुढे कोरेगाव पार्कातल्या लॉनपर्यंत रिक्षा. स्वारगेटला एसटीने येणाऱ्यांनाही मेट्रो सोयीची आहे. सिव्हिल कोर्टला मार्ग बदलायचा, एवढंच.

आम्ही दीड तास आधी पोचलो आणि त्याचा मोठा फायदा झाला, कारण साउंड चेक, म्हणजे वाद्यं आणि स्पीकर आधी वाजवून तपासणं, ऐकायला मिळाला. शक्य असेल तर तुम्हीही लवकर जा. एकेक वाद्य वेगळं ऐकलं की नंतर सगळे एकदम वाजायला लागल्यावर कान त्या धाग्याला धरून राहतो. ट्रॉम्बोनवाल्यांनी एक लांब सूर धरला तेव्हा काका खुर्चीतून उठून मंचाच्या कडेला जाऊन उभे राहिले. कुणी हटकलं नाही. बोटं हवेत झडपा दाबत होती.

जानेवारीचा शेवट होता. पुण्यात त्या दिवसांत सूर्य कलला की गारठा एकदम उतरतो, आणि उघड्या लॉनवर तो वाद्यांनाही बाधतो. पहिला एकत्र भाग छान झाला. मग फंकवाले पाऊण तास वाजवत होते आणि रॉकवाल्यांची तिन्ही फुंकवाद्यं मंचामागे गारठ्यात स्टँडवर उभी होती. ते वाजवायला आले तेव्हा पहिल्या गाण्यात काहीतरी खटकलं. काका लगेच म्हणाले, “पितळ गार पडलंय बघ, सूर उतरलाय.” थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, त्यामुळे फुंकवाद्याचा सूर खाली येतो. गिटारची पोलादी तार थंडीने आखडते आणि तिचा सूर उलट वर चढतो. कीबोर्ड मात्र आहे तिथेच राहतो. तिघं तीन दिशांना. काकांच्या बँडमध्ये मार्गशीर्षातल्या पहाटेच्या लग्नांना हेच होतं, म्हणून ते वाजवण्याआधी पाच मिनिटं वाद्यात नुसती गरम हवा सोडत राहतात, आवाज न काढता. दुसऱ्या गाण्याआधी मंचावरच्या तिघांनी अगदी तेच केलं. गिटारवाल्याने तोवर तारा लावून घेतल्या, आणि तिसऱ्या गाण्यापासून सगळं जुळलं. उघड्यावरच्या हिवाळी कार्यक्रमात पहिली दोन गाणी कानाला खटकली तर उठून जाऊ नका. पितळ तापायला वेळ लागतो.

आता फंकबद्दल, कारण माझ्यासारखे गाण्याच्या बोलांकडे कान लावणारे त्यात चुकतात. फंकमध्ये चालीपेक्षा जोर कुठे पडतो ते पाहायचं. फंकचे अमेरिकी गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांना मात्रांच्या चौकातल्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकायला लावत. आपण समेची वाट पाहतो तशीच ही वाट, पण इथे सम चारच मात्रांनी येते, आणि मधल्या जागा बास आणि गिटार बारीक तुकड्यांनी भरतात. त्या बँडचा बासवाला सत्तरीच्या जवळचा असावा. अंगठ्याने तार ठोकायचा, बोटाने उचलायचा, आणि पहिल्या मात्रेवर असा यायचा की खुर्चीच्या पायातून जाणवायचं. रेकॉर्डवर हे मी कितीदा ऐकलं असेल, पण फोनच्या स्पीकरमधून बास जवळजवळ येतच नाही. अंगाला धक्का लागण्यासाठी मोठे स्पीकर आणि समोर माणूस लागतो.

बसायचं कुठे? पुढे मंचाला चिकटून नाही. तिथे ड्रम थेट कानावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज स्पीकरमधून डोक्यावरून मागे जातो. मोठ्या बास स्पीकरसमोरही नाही. जिथे साउंडवाला आवाज कमीजास्त करायचं कन्सोल घेऊन बसलेला असतो त्याच्या आसपास जागा धरा, कारण तो स्वतःच्या कानाने जो समतोल साधतो तोच तिथे ऐकू येतो. बरोबर वयस्कर माणूस असेल तर आयोजकांना आधी फोन करून खुर्ची मागून घ्या, आम्हाला मिळाली. कानात घालायचे मऊ बोळे मेडिकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात, ते घ्याच. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा घातले आणि म्हणाले की आता प्रत्येक लग्नाला घालणार. त्यांचा उजवा कान गेल्या काही वर्षांत मंद झालाय. ताशाच्या शेजारी ३४ वर्षं उभं राहिल्यावर होणारच.

रॉकवाल्यांनी ‘शिकागो’चं ‘२५ ऑर ६ टू ४’ घेतलं. १९७०चं गाणं, त्या विचित्र नावाचा अर्थ साधा आहे, पहाटे चारला पंचवीस किंवा सव्वीस मिनिटं कमी, म्हणजे गाणं सुचत नसताना घड्याळात दिसलेली वेळ. गिटारचा एकल भाग लांबला आणि मला तो थोडा जास्तच वाटला. पण त्याच्याखाली तिन्ही फुंकवाद्यांनी जो एक छोटा तुकडा पुन्हापुन्हा, तिळमात्र न हलता वाजवला, तो मी विसरणार नाही.

शेवटच्या भागात १४ माणसं मंचावर. दोन ड्रमवाले एकदम वाजवायला लागले की सहसा गोंधळ होतो, कारण केसभर मागेपुढे झालं तरी एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. यांनी कामं वाटून घेतली होती. एकाने मूळ ठेका धरला, दुसऱ्याने फक्त झांजा आणि टॉम या छोट्या ड्रमवरची भर. ‘अर्थ, विंड अँड फायर’चं १९७८चं ‘सप्टेंबर’ सुरू झालं तेव्हा मागे मुलं नाचत होती, मधल्या रांगांत त्यांचे आजीआजोबा उभे होते. सहाही फुंकवाद्यं एका आवाजात आली. काका बसूनच होते. माझा हात धरून म्हणाले, “लेका, सहा जणांचा श्वास एकाच जागी तुटतोय. ऐक की. सूर धरणं सोपं असतंय, सगळ्यांनी एकदम सोडणं अवघड.” त्यानंतर मी फक्त सूर संपण्याच्या जागा ऐकल्या, आणि सगळं गाणंच वेगळं लागलं.

रात्री १० वाजता उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम ठरल्या वेळीच संपला. ‘अजून एक’ म्हणून ओरडण्याचा उपयोग नसतो. मात्र सगळे एकदम बाहेर पडतात आणि दारातले रिक्षावाले मागतील ती रक्कम सांगतात. पाचसात मिनिटं मुख्य रस्त्याकडे चालत जा, तिथे मीटरने रिक्षा मिळते. शेवटच्या मेट्रोची वेळ जातानाच बघून ठेवा. आम्ही थेट स्टेशन गाठलं. मुंबईहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मध्यरात्रीच्या सुमारास पुण्याला येते आणि पहाटे मिरजेला सोडते. सांगली-कोल्हापूरकडच्यांना मुक्कामाचा खर्च वाचतो. आरक्षण मात्र आधीच करा, आणि फलाटावर बसायला एक जाड शाल घ्या.

गाडीत वरच्या बर्थवर जायला काका तयार नव्हते. पेटी उघडून त्यांनी ट्रम्पेटचं नुसतं माउथपीस काढलं आणि ओठाला लावून बिनआवाजी फुंकर मारत बसले. मला म्हणाले, तो शेवटचा तुकडा मोबाईलवर लाव, हळू. लावला. एक सूर संपला की ते बोट वर करायचे, मग पुन्हा पहिल्यापासून लाव म्हणायचे. जेजुरी मागे पडली तरी चाललंच होतं. सोमवारी पलूसला एक लग्न आहे, त्यांच्या बँडमधले चौघे त्याआधी रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात येणार आहेत.