अख्ख्या मे महिन्याला एकच शिक्का

नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या थर्मामीटरचा आकडा रोज वहीत टिपायची माझी जुनी सवय आहे. मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर गेले की उष्णतेची लाट, हा हवामान खात्याचा निकष उसना घेऊन मी काही वर्षांपूर्वी 'आर' या आकडेवारीच्या संगणकभाषेत, नोंदींच्या तक्त्यावर, साधे 'इफ' (म्हणजे 'जर') वापरले : ४५ किंवा अधिक असेल तर 'लाट', नाहीतर 'नेहमीचे'. पाहतो तो नव्या स्तंभात ३१ वेळा 'नेहमीचे'! ज्या महिन्यात कूलरमध्ये दिवसातून तीनदा पाणी भरले, त्याला हा शिक्का.

कारण साधे होते. 'इफ'ला एकच खरे-खोटे कळते. मी त्याला ३१ दिले, त्याने पहिले उचलले (१ मे रोजी पारा ४२ वर होता) आणि तेच उत्तर सगळ्या ओळींत पसरले. इशारा आला होता, तो मी वाचला नाही. २०२२ मधल्या ४.२.० आवृत्तीपासून अशा वेळी प्रोग्राम थेट अडतो, हे फार बरे झाले.

यावर उपाय म्हणजे जोडून लिहिलेले 'इफएल्स' हे फंक्शन. ते आधी अटीचा पूर्ण स्तंभ तयार करते आणि जिथे खरे तिथे पहिल्या पर्यायातले, जिथे खोटे तिथे दुसऱ्यातले त्याच क्रमांकाचे मूल्य उचलते. मात्र एकही ओळ खरी निघाली, तरी पहिला पर्याय सगळ्या ओळींसाठी मोजला जातो. म्हणून 'संख्या धन असेल तरच तिचा लॉग (लॉगॅरिदम) घे' असे लिहूनही ऋण संख्यांबद्दलचा इशारा पडद्यावर येतोच.

खरा ताप तारखांनी दिला. जिथे नोंदीची तारीख कोरी होती तिथे शेजारच्या स्तंभातली घ्यायची होती, तर १ मे २०२४ च्या जागी १९८४४ उगवले. 'आर' तारीख १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत साठवते आणि 'इफएल्स' उत्तराचा साचा अटीवरून घेत असल्याने तारखेची ओळख गळून नुसता आकडा उरतो.

आता मी 'आर'ला वरून जोडायच्या 'डीप्लायर' या पॅकेजमधले, मध्ये अंडरस्कोर असलेले 'इफ_एल्स' वापरतो. त्यात तारीख तारीखच राहते, न जुळणारे प्रकार दिले तर ते स्पष्ट नकार देते, आणि अट अज्ञात असेल तिथे काय लिहायचे तेही सांगता येते. अमरावतीला गेलो होतो त्या दोन दिवसांपुढे आता 'नोंद नाही' असे येते.