कॅबिनेट अपडेट ४ : आधी गेम, मग स्क्रीन, कार्ड सगळ्यात शेवटी

जुन्या आर्केड मशीनसारखं, आत कॉम्प्युटर असलेलं गेमचं कॅबिनेट मी घरी बांधतोय. मागच्या अपडेटला प्लाय कापून झाला होता आणि कंट्रोल पॅनलची भोकंपण पाडून झाली होती. त्यानंतर दोन महिने काही टाकलं नाही कारण सगळा वेळ एकाच गोष्टीत गेला, स्क्रीन कुठली बसवायची आणि तिला कुठलं ग्राफिक्स कार्ड चालतं. आता ठरलंय, चालूपण झालंय, म्हणून सविस्तर लिहितोय. मी सुरुवात उलटी केली, घरात एक चांगलं कार्ड पडून होतं म्हणून ते धरून बसलो आणि मग त्याला चालेल असा मॉनिटर शोधत फिरलो. तुम्ही बांधणार असाल तर आधी गेम ठरवा, गेमवरून स्क्रीन ठरते, आणि स्क्रीन ठरली की कार्डाचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

माझे गेम लहानपणीच ठरलेत. साताऱ्याला एसटी स्टँडच्या मागं एक पार्लर होतं, ९६-९७ च्या मे महिन्यात रुपयाला एक कॉइन मिळायचं आणि मुस्तफाच्या मशीनला कायम गर्दी, तिघं खेळणारे आणि मागं दहा बघणारे. आपण सगळे ज्याला मुस्तफा म्हणतो तो कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स. त्याच्या जोडीला स्ट्रीट फायटर टू, मेटल स्लग, मॉर्टल कोंबॅट. हे सगळे आडव्या स्क्रीनचे गेम आहेत आणि हीच पहिली महत्त्वाची गोष्ट, कारण पॅकमॅन, डाँकी काँग, गॅलगा हे सगळे उभ्या स्क्रीनचे. पॅकमॅनचं चित्र २२४ बाय २८८, म्हणजे उंचीला २८८ पिक्सेल, ते आडव्या सीआरटीवर (जुन्या काचेच्या ट्यूबच्या स्क्रीनवर) २४० ओळींत मावतच नाही, मग इंटरलेस करावं लागतं, म्हणजे एका फेरीत एक सोडून एक ओळ काढायची, आणि चित्र थरथरतं. एकाच कॅबिनेटमध्ये दोन्ही पाहिजे असेल तर फिरणारा मॉनिटर बसवा नाहीतर एका बाजूला तडजोड करा. मी उभे गेम सोडून दिले.

आता आकडे बघा, सगळा घोळ इथेच आहे. मुस्तफा आणि स्ट्रीट फायटर टू कॅपकॉमच्या एकाच घराण्यातल्या बोर्डांवरचे, ३८४ बाय २२४, रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र नव्यानं येतं ते, साधारण ५९.६३ हर्ट्झ. मेटल स्लग निओ जिओ या दुसऱ्या बोर्डवरचा, ३२० बाय २२४, ५९.१८ च्या आसपास. मॉर्टल कोंबॅट सगळ्यात वेगळा, ४०० बाय २५४ आणि रिफ्रेश फक्त ५४.७. जुने आर्केड मॉनिटर आणि आपले डबा टीव्ही दोन्ही १५ किलोहर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला साधारण १५,७०० आडव्या ओळी काढतात, २६२ ओळी गुणिले ६० केलं की १५,७२० येतात. कॉम्प्युटरचा व्हीजीए मात्र ५२५ गुणिले ६०, म्हणजे ३१,५००, जवळजवळ दुप्पट. त्यामुळे कॉम्प्युटरचा सीआरटी मॉनिटर फुकट मिळाला तरी त्यावर हे गेम मूळ रूपात चालत नाहीत, प्रत्येक ओळ दोनदा काढावी लागते. आणि उलट बाजूनं १५ किलोहर्ट्झच्या मॉनिटरला ३१ चा सिग्नल दिला तर काही मॉनिटरचा हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर (आडव्या ओळी काढणारा भाग) जातो, ही भीती खरी आहे.

एलसीडीचा विचार मी मनापासून केला. ऑफिसातला जुना १९ इंची, १२८० बाय १०२४ वाला मॉनिटर होता हाताशी. हिशोब करून बघितला तर मजा वाटली, १९ इंची चौकोनी मॉनिटरवर ४:३ चं चित्र साधारण साडेअठरा इंच भरतं आणि २४ इंची रुंद मॉनिटरवर साडेएकोणीस, म्हणजे नवा मोठा मॉनिटर घेऊन हातात पडतो एक इंच, आणि कॅबिनेट मात्र अर्धा फूट रुंद करावं लागतं. जे उभे गेम खेळणार आहेत त्यांच्यासाठी तर हा जुना चौकोनी मॉनिटर सोनं आहे, तो उभा केला की १०२४ बाय १२८० होतो आणि पॅकमॅन बरोब्बर चारपट, ८९६ बाय ११५२, एकही पिक्सेल वाकडा न होता बसतो. फक्त पॅनल आयपीएस (बाजूनंही रंग सारखे दिसणारं) आहे का बघून घ्या, टीएन असेल तर उभा केल्यावर शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला एका बाजूनं रंग उतरलेले दिसतात.

माझ्या गेमना मात्र तो जमला नाही. ३८४ बाय २२४ चं चित्र ४:३ मध्ये ताणायचं म्हणजे १२८० बाय ९६०, आडवं ३.३३ पट आणि उभं ४.२८ पट, पूर्ण आकडा कुठेच नाही, मग पार्श्वभूमी सरकताना कुठला पिक्सेल जाड कुठला बारीक असं दिसतं. शेडर, म्हणजे चित्रावरचा सॉफ्टवेअर फिल्टर, लावून ते झाकता येतं, पण ६० हर्ट्झवर अडकलेल्या एलसीडीवर मॉर्टल कोंबॅट एकतर अडखळतो किंवा स्क्रीनच्या ६० शी सिंक केला तर जवळजवळ १० टक्के जोरात पळतो, आवाजसुद्धा चढा लागतो. नाशिकच्या मित्रानं यावर चांगला मार्ग काढलाय, ४८ ते ७५ हर्ट्झ रेंजचा फ्रीसिंक (गेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा रिफ्रेश बदलणारा) आयपीएस मॉनिटर आणि रायझन प्रोसेसरचं बिल्टइन ग्राफिक्स, वेगळं कार्डच नाही, आणि त्यावर ५४.७ काय ५५ काय, सगळं मूळ वेगानं चालतं. ज्यांना डबा टीव्हीचं वजन आणि दुरुस्ती नकोय त्यांनी सरळ हे करा. फक्त मॉनिटर घेताना रेंजचा खालचा आकडा बघा, ५५ किंवा त्याच्या वर असेल तर घेऊ नका.

मला मात्र ती ओळीओळींची चमक पाहिजे होती आणि घरात माळ्यावर २१ इंची फ्लॅट सीआरटी टीव्ही होता, २००४ च्या दिवाळीत बाबांनी घेतलेला, मागं लाल-हिरवा-निळा असा कॉम्पोनंट इनपुट असलेला. आपल्याकडे स्कार्टवाले (युरोपात असतं त्या सॉकेटचे) टीव्ही दिसतच नाहीत, त्यामुळे कॉम्पोनंट असलेला टीव्ही मिळाला तर सोडू नका. तो ६० हर्ट्झ घेतो का हे बघायला कॉम्प्युटर लागत नाही, जुना डीव्हीडी प्लेयर कॉम्पोनंट वायरनं जोडायचा, सेटिंगमध्ये टीव्ही टाइप पाल (आपल्याकडचं ५० हर्ट्झचं) आहे ते एनटीएससी (अमेरिकेतलं ६० हर्ट्झचं) करायचं, आणि चित्र स्थिर राहिलं की झालं. माझं स्थिर राहिलं, पण वरच्या बोटभर पट्टीत ओळी दुमडल्यासारख्या दिसत होत्या. गल्लीतल्या टीव्हीवाल्या काकांनी व्हर्टिकल आयसीजवळचे दोन कपॅसिटर बदलले आणि पट्टी गेली. मी ते झाकण स्वतः उघडलं नाही. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, काकांनीसुद्धा आधी ट्यूब डिस्चार्ज केली आणि मग हात घातला.

आता कार्ड. घरात जीटीएक्स १०५० टीआय होतं, ताकद भरपूर, पण एनव्हिडियानं १००० सिरीजपासून कार्डातलं अॅनालॉग आउटपुटच, म्हणजे ट्यूबच्या स्क्रीनला लागणारा व्हीजीएसारखा सिग्नल, काढून टाकलंय. मी एचडीएमआय टू व्हीजीएची डबी लावून बघितली, ड्रायव्हरनं २४० ओळींचा मोड स्वीकारलाच नाही. कारण साधं आहे, ३२० बाय २४० ला पिक्सेल क्लॉक लागतं ६-७ मेगाहर्ट्झ आणि डिजिटल आउटपुट २५ च्या खाली जातच नाही. मग एका जाहिरातीवरून सेकंडहँड कार्ड घेतलं, विकणारा म्हणाला डीव्हीआय आहे, कन्व्हर्टर लावला की व्हीजीए मिळेल, फोटोही पाठवला, पण फोटोत पोर्ट नीट दिसत नव्हता. घरी आल्यावर कन्व्हर्टर आत जाईना. टॉर्च लावून बघितलं तर पोर्टात तीन ओळींत चोवीस भोकं आणि शेजारी एक सपाट आडवी फट, बास. अॅनालॉग असलेल्या डीव्हीआय-आय पोर्टात त्या फटीच्या भोवती अजून चार भोकं असतात, दोन वर दोन खाली, अॅनालॉग रंग तिथूनच जातात. ही चार भोकं नसतील तर ते डीव्हीआय-डी, कुठलाही साधा कन्व्हर्टर चालणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत. तुम्ही घेताना पोर्टाचा समोरून जवळचा फोटो मागाच.

शेवटी रविवारी जुन्या बाजारात एका पथारीवर रेडिऑन एचडी ५४५० मिळालं, चारशे रुपयांत, पंखा नाही नुसता हीटसिंक, आणि बाजूला सरळ निळा व्हीजीए पोर्ट. आजच्या गेमसाठी हे कार्ड काहीच कामाचं नाही, पण माझे सगळे गेम प्रोसेसरवर चालतात, कार्डाचं काम फक्त योग्य ओळी योग्य वेळेला बाहेर काढणं, आणि तिथं हे कार्ड राजा आहे, कारण सीआरटी इम्युड्रायव्हर, म्हणजे १५ किलोहर्ट्झ बाहेर काढणारा ड्रायव्हर, एएमडीच्या (रेडिऑनवाल्या कंपनीच्या) अशा अॅनालॉग कार्डांसाठीच बनवलाय. त्याच्यासोबतच्या व्हीएममेकर या मोड बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जेनेरिक १५ किलोहर्ट्झ निवडलं, सुपर रेझोल्यूशन, म्हणजे २५६० रुंदीचे मोड घेतले आणि वर ग्रूव्हीमेम, म्हणजे जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा एम्युलेटर, टाकलं. २५६० ऐकून घाबरू नका, सीआरटीला आडवे पिक्सेल कळत नाहीत, त्याला फक्त ओळी कळतात, त्यामुळे रुंदी एवढी मोठी ठेवली की ३२०, ३८४, ४०० सगळे त्यात ताणून बसतात आणि ओळी मात्र गेमला पाहिजेत तेवढ्याच राहतात.

व्हीजीएच्या तारा थेट कॉम्पोनंटला जोडून चालत नाही, कॉम्पोनंटमध्ये सिंक हिरव्या तारेतून जातो आणि उरलेल्या दोन तारांत रंगांचा फरक असतो, म्हणून मध्ये ट्रान्सकोडर लागतो. ट्रान्सकोडरच घ्या, बाजारात मिळतो तो व्हीजीए टू एव्हीचा डबा नको, तो चित्र नव्यानं बनवतो, सगळं इंटरलेस करतो आणि बटण दाबल्यावर उशिरानं हात हलतो. कॉम्प्युटर सुरू होताना बायोस ३१ किलोहर्ट्झच देतो, त्यामुळे टीव्हीला मी वेगळं बटण दिलंय, विंडोज पूर्ण आल्यावरच टीव्ही लावायचा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

परवा रात्री पहिल्यांदा मुस्तफा लावला. टीव्ही चालू होताना तो बारीक चिर्र आवाज आला, एकदा चित्र खाली घसरलं, आणि मग थांबलं. हिरोंच्या निवडीचा स्क्रीन आला तेव्हा मी टीव्हीला नाक लावून बघितलं, मुस्तफाच्या पिवळ्या टोपीवर एक ओळ उजेडाची एक ओळ काळी, अगदी वेगवेगळ्या मोजता येतील अशा, आणि तीन पावलं मागं आलो की त्याच ओळी मिसळून टोपी गोल दिसते. एलसीडीवर शेडर लावून मी महिनाभर हेच करायचा प्रयत्न करत होतो. बायको झोपेतून उठून आली आणि तिनं दोन कॉइन खेळून घेतले.

मॉर्टल कोंबॅट ५४.७ वर लॉक होतो, फक्त चित्र उंचीला वाढतं आणि खाली सरकतं, ते आर्केड ओएसडी या चित्र सरकवायच्या प्रोग्रॅममध्ये त्या मोडपुरतं बसवलं. विंडोजचा डेस्कटॉप ६४० बाय ४८० इंटरलेसमध्ये फार थरथरतो, वाचताना डोळे दुखतात, म्हणून सगळं सेटिंग करताना शेजारी एलसीडी जोडून ठेवा.

एक गोष्ट राहिलीय. खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल रंग निळ्यापासून सुटतो, पांढऱ्या अक्षरांना कडेला लाल सावली येते, कोपऱ्यातच, मध्ये सगळं चोख आहे. डीगॉस (ट्यूबचं चुंबकत्व काढणं) करून झालं, फरक नाही. काका म्हणतात ट्यूबच्या मागं योकखाली (ट्यूबच्या मानेवरच्या तारेच्या वेटोळ्याखाली) चुंबकाची पट्टी सरकवली तर जमेल पण त्यांच्याकडे पट्ट्या उरल्या नाहीत. कुणाकडे मेलेल्या टीव्हीच्या योकमधून काढलेल्या पट्ट्या असतील तर सांगा, पुण्यात कुठेही येऊन घेऊन जाईन, टीव्ही कॅबिनेटमध्ये चढवायच्या आधी हे काम करून घ्यायचंय कारण एकदा तो पंचवीस किलोचा डबा आत बसला की मागून हात पोचणार नाही.