‘गुस्तार’ म्हणजे आवडणं

मंगळवार, रात्री

आजचं पान ‘गुस्तार’ या स्पॅनिश क्रियापदाला. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं या क्रियापदाला ‘उलटं’ म्हणतात आणि शिकणारा उगाच बिचकतो. मराठी माणसाला यात उलटं काहीच नाही. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’. ‘मे’ म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं. वस्तू अनेक असतील तर ‘मे गुस्तान लोस मांगोस’, अगदी ‘मला आंबे आवडतात’सारखं. ‘यो गुस्तो एल काफे’ (‘यो’ म्हणजे ‘मी’) ही चूक इंग्रजीच्या वाटेने येते. मराठीतून थेट गेलं तर ती सुचणारही नाही.

मला, तुला, त्याला किंवा तिला: मे, ते, ले. आम्हाला ‘नोस’, त्यांना ‘लेस’. ‘तुम्हा सगळ्यांना’साठी स्पेनमध्ये ‘ओस’ ऐकू येतं, लॅटिन अमेरिकेत तिथेही ‘लेस’च.

आपण अडखळतो ते नाव आलं की. ‘मारीआला कॉफी आवडते’ यात ‘ला’ एकदाच, म्हणून ‘आ मारीआ गुस्ता एल काफे’ लिहिलं जातं. स्पॅनिशला तो ‘ला’ दोनदा हवा, एकदा ‘आ’ आणि एकदा ‘ले’: ‘आ मारीआ ले गुस्ता एल काफे’. नाव घेतलं तरी ‘ले’ सुटत नाही. हे वाक्य मी पन्नास वेळा मोठ्याने म्हणायला सांगेन, कारण नियम पाठ असूनही बोलताना ‘ले’ गळतोच.

तसाच ‘एल’ही, म्हणजे इंग्रजीतल्या ‘the’सारखा शब्द, गळतो, मराठीत असा शब्दच नसल्यामुळे. ‘मे गुस्ता काफे’ चालत नाही. क्रिया आवडत असेल तर मात्र ‘एल’ नको आणि क्रियापद एकवचनीच: ‘मे गुस्ता कांतार इ बाइलार’, मला गायला आणि नाचायला आवडतं.

‘मलाही’ म्हणजे ‘आ मी तांबिएन’. ‘मलाही नाही आवडत’ म्हणजे ‘आ मी तांपोको’. इथे ‘यो तांबिएन’ चुकतं, कारण ‘यो’ म्हणजे ‘मी’.

‘मे गुस्तास’ जपून वापरावं. ‘तू मला आवडतेस’मधला प्रेमाचा सूर त्यातही आहे. नुसतं माणूस म्हणून कुणी बरं वाटत असेल तर ‘मे काएस बिएन’.

भूतकाळात आवडला-आवडली-आवडलं ही कटकट नाही: एकाला ‘गुस्तो’, आघात शेवटच्या ‘तो’वर, अनेकांना ‘गुस्तारोन’.

एवढी सवय झाली की ‘मला भूक लागली’लाही ‘मे’ लावावासा वाटतो. तिथे ‘तेंगो आंब्रे’ लागतं, म्हणजे शब्दशः ‘माझ्याकडे भूक आहे’. भूक, तहान, थंडी, झोप हे चारही वहीत ‘तेंगो’च्या पानावर वेगळे लिहावेत.