उरलेल्या तेरा जागांचा न्याय

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रॉस-कंट्रीत (मोकळ्या माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या धावण्याच्या सांघिक शर्यतीत), म्हणजे महाविद्यालयीन खेळांची संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेत, गेली अनेक वर्षे ३१ संघ धावत आले आहेत. त्यांपैकी १८ संघांची निवड सरळ असते: नऊ विभागांतून प्रत्येकी पहिले दोन. हे विभाग भूगोलावरून आखलेले असल्यामुळे एखाद्या बलाढ्य विभागातला चौथा संघ दुसरीकडच्या विजेत्यापेक्षाही सरस असू शकतो. ही तफावत भरून काढण्यासाठीच उरलेल्या १३ जागा असतात. माझा आक्षेप आहे तो त्या भरण्याच्या पद्धतीला.

पात्र ठरलेल्या किती संघांना मोसमात हरवले, यावर या जागांसाठी गुण मिळतात. परंतु हरवण्यासाठी आधी त्यांच्यासोबत एका शर्यतीत उभे राहावे लागते, आणि मोठ्या स्पर्धांचे निमंत्रण किंवा दूरच्या प्रवासाचा खर्च ज्या महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेर आहे, त्याच्या मुलामुलींना ही संधीच मिळत नाही. हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

याच पद्धतीतला एक नियम मात्र, त्यावर कितीही टीका झाली तरी, मला पटतो. विभागीय शर्यतीत पाचव्या आलेल्या संघाकडे निवडीपुरते गुण असतील, पण चौथ्याकडे नसतील, तर आधी चौथ्याला प्रवेश मिळतो. संघाचा निकाल त्याच्या पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांवरून ठरतो; त्यामुळे चिखलात, शेवटच्या चढावर संघाच्या पाचव्या धावपटूने मागे टाकलेले दोन-तीन प्रतिस्पर्धी इथे खरोखर मोजले जातात. बदल हवा आहे तो गुणांच्या हिशेबात: दोन संघ एकमेकांशी कधी धावले नसले, तरी दोघेही ज्या संघांविरुद्ध धावले त्यांच्याविरुद्धच्या निकालांवरून होणारी अप्रत्यक्ष तुलनाही त्यात धरली जावी.