हजेरीपटातला ‘क’ वर्ग

जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर दुसरीचे हजेरीपट सहीला आले. बडोद्यातल्या त्या खाजगी शाळेत आचार्या म्हणून मी नवीनच. सही करण्याआधी मुलांचे पत्ते वाचायची मला खोड आहे. ‘अ’ आणि ‘ब’मध्ये फ्लॅट, सोसायट्या, ‘क’मध्ये बहुतेक चाळी आणि वस्त्या. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांवर आलेलं एकूण एक मूल ‘क’मध्ये!

हेडक्लार्क काका जराही गडबडले नाहीत. “यांची फी सरकारकडून येते ना, बाई. एका वर्गात असली की क्लेमची यादी पटकन होते.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते. आकस असता तर भांडताही आलं असतं. इथे नुसती सोय होती.

2009 च्या या कायद्याने खाजगी शाळांत पहिलीच्या किमान 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना मिळतात. या मुलांना वर्गात वेगळं काढू नये, असं केंद्राच्या नमुना नियमांतच लिहिलंय. 1906 साली बडोदा संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणाऱ्या सयाजीरावांचा फोटो काकांच्या खुर्चीमागेच होता. हार मात्र ताजा!

तिन्ही वर्गांची नावं एकत्र केली, आद्याक्षरांनी लावली आणि अ, ब, क अशी वाटत गेले. एक्सेलमध्ये आरटीईचा एक रकाना वाढवला, क्लेमची यादी चुटकीसरशी निघाली. एका ट्रस्टींचा फोन आला, “पालक बोंबलतील.” काही आलेही. त्यांना द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार होती.

दांडिया बाजारात पोळ्या करायला जाणारी एक आई आली, तिच्यासाठी मात्र काहीच तयार नव्हतं. “बाई, माझ्या पोरीला ‘क’मध्येच राहू द्या. तिथं तिचा डबा कुणी उघडून बघत नाही. नव्या वर्गात एकटी पडेल ती.”

कायद्याचं कलम तिला काय सांगणार? तिला बसवलं, चहा मागवला. मग यादी पुन्हा काढली. कुठल्याही वर्गातलं मूल असो, जुन्या वर्गातली निदान दोन मुलं सोबत जातील असं बघितलं. तिची मुलगी ‘ब’मध्ये गेली, दोन मैत्रिणींसकट. दुसरीच्या बाईंना डब्याच्या सुट्टीत मुलांबरोबरच जेवायला बसायला सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण बसल्या.

काका चष्मा पुसत म्हणाले, “बाई, आता मैत्रिणींचाही रकाना करू का?”

“करा,” म्हटलं.