तुम्ही विचारलंत म्हणून: बारावीनंतरचं ते वर्ष

बारावीनंतर लगेच कॉलेजला न जाता मी एक वर्ष गॅप घेतला. "वर्ष वाया नाही गेलं?" हे मला लग्नात, लोकलमध्ये, बिल्डिंगच्या जिन्यात, कुठेही विचारतात. आणि यंदा भावाची बारावी झाल्यापासून तर आमच्या भांडुपमधल्या त्याच्या मित्रांच्या आयाही थांबवून विचारतात, की तू नेमकं केलंस काय गं. म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी काम. जून ते जानेवारी दादरच्या हिंदमाताला एका साडीच्या दुकानात, दिवसभर उभं राहून. गिऱ्हाईकापुढे तीस-चाळीस साड्या उलगडायच्या, ते "बघून येतो" म्हणून गेलं की सगळ्या परत घडीवर घडी घालून ठेवायच्या. फिरायचं ते स्वतःच्या पैशाने, ही अट बाबांची होती आणि ती शंभर टक्के बरोबर होती. ऑगस्टमध्ये मैत्रिणींचे कॉलेजचे फोटो यायला लागले तेव्हा मात्र मी खूप रडले, ते दिवस खरंच कठीण जातात, हे आधीच सांगून ठेवते.

फेब्रुवारीत पश्चिम एक्सप्रेसने स्लीपरमधून अमृतसर. सुवर्णमंदिराच्या सराईत राहिले, लंगरमध्ये बायकांबरोबर बसून ढीगभर लसूण सोलला.

आणि मग देवगड. मावशीच्या ओळखीने दीड महिना हापूसच्या बागेत राहून काम. आंबा झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने काढायचा, देठ ठेवून, कारण देठ तुटला की चीक सांडतो आणि फळावर काळा डाग पडतो. बागवाले काका मागून सारखे "गो बाय, देठ मोडू नको". चीक माझ्या मनगटावर उडाला तर तिथली कातडी भाजल्यासारखी झाली. मग आकाराप्रमाणे निवडून चार डझनी, पाच डझनी पेट्या भरायच्या, आणि जमिनीवर पडलेला आंबा वरून कितीही चांगला दिसला तरी कॅनिंगला. संध्याकाळी वाशी मार्केटची गाडी भरायची आणि दोन दिवसांनी काकांना फोनवर जो भाव कळायचा तो ऐकताना त्यांचा चेहरा मी बघितलाय, त्यानंतर दादरला पेटीसाठी घासाघीस करायला माझी जीभ रेटत नाही. कॉमर्स सोडून मी इकॉनॉमिक्सला बीए केलं ते त्या फोनमुळे.

अ‍ॅडमिशनला अडचण आली नाही, फक्त स्टॅम्प पेपरवर गॅपचं अ‍ॅफिडेविट करून नोटरी करून द्यावं लागलं. एलसी आणि मार्कशीट जपून ठेवा. इंजिनिअरिंगचं मनात असेल तर मात्र आधी नीट हिशोब करा, आयआयटीसाठीची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड बारावीचं वर्ष आणि त्याच्या पुढचं, अशी दोनदाच देता येते. आणि नुसतंच फिरायचं असेल तर माझ्या मते मे महिन्याची सुट्टी पुरते, वर्ष घालवू नका.

भावालाही गॅप घ्यायचाय. बाबांनी त्याला तीच अट घातलीये, सोमवारपासून तो स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये कामाला लागतोय.