ढगाच्या दिशेनं

११ ऑक्टोबर, पैठण

अंग ठणकतंय, तरी आजच लिहून ठेवतो. उद्यापासून प्रत्येक जण आपापलं शौर्य वाढवून सांगायला लागेल.

पैठणहून नावेनं टोक्याच्या प्रवरासंगमापर्यंत जायचं आणि नावेनंच परत यायचं, हा बेत दादाचा. परतीच्या पावसाचे दिवस, नाथसागर तुडुंब. आपल्याकडे धरणाचं पाणी म्हणजे मोठं तळं, लाटाबिटा कोकणात, अशी समजूत. पण हे तळं ५५ किलोमीटर लांब आहे आणि रुंदी काही ठिकाणी २७ च्या घरात. मधोमध गेलं की दोन्ही काठ पुसट होतात.

जाताना पाणी निवांत. संगमावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मग वहिनींचा आग्रहाचा शिरा (तो पुढं महागात पडला). परतताना उकाडा असह्य झाला आणि बिडकीनच्या अंगाला ढग उभा राहिला. पाऊस लांब दिसत होता, पण अंगावर एकदम गार वारा आला. नाव चालवणारे मामा उठून उभे राहिले. ढगातला पाऊस गार हवा खाली ओढून आणतो, ती जमिनीवर आपटून चहूकडं पसरते. म्हणून थेंबाच्या आधी वारा येतो. हे मला पुस्तकातून ठाऊक. मामांना गालावरून.

लाटा उठायला काही मिनिटं पुरली. उंच नव्हत्या, पण आखूड आणि एकीला लागून एक. नाव सावरायच्या आत दुसरी हजर. दादा ओरडला, "मामा, सरळ पैठणला घ्या!" मामांनी मात्र नाव डावीकडं, थेट त्या काळ्या ढगाकडं वळवली. वहिनींनी देवाचं नाव घेतलं. मी मनात मामांना शिव्या घातल्या.

कारण त्यांनी नंतर सांगितलं. पैठणचं तोंड धरलं असतं तर लाट आडवी बसली असती, आणि आडवी लाट नाव पालथी करते. पाण्यावरून वारा जितका लांब पळतो तितकी लाट मोठी होते. म्हणून वारा ज्या काठावरून निघतो, तिथलं पाणी सगळ्यात शांत. मला विचाराल तर ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

इंजिन त्यांनी अगदी हळू ठेवलं, नुसतं तोंड लाटेवर राहील इतकंच. सगळ्यांना तळाला बसवलं, लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिले. "नाव हलली तर हलू द्या, तुम्ही हलू नका." मला तेलाचा कापलेला डबा दिला पाणी उपसायला. उपसावं तितकंच परत आत. पण हाताला काम असल्यावर भीती जरा बाजूला सरते. पुतण्याला शिरा उलटून आला. त्याला मामांनी खाली न बघता लांबच्या काठाकडं बघायला लावलं. मध्येच एक पांढरी बाटली तरंगताना दिसली, तेवढ्यात मामांनी इंजिन बंद करून वल्हं घेतलं. बाटली म्हणजे कुणाचं तरी जाळं. पंखा त्यात गुंतला असता तर पुढचं लिहायला मी नसतो.

काठ जवळ आला तसं पाणी खरंच मवाळ झालं. पोरं उतरून बाभळींखाली पळायला लागली, तशी मामांनी आज पहिल्यांदा शिवी हासडली. विजा चमकत होत्या. झाडांपासून लांब, मोकळ्यावर पाय जुळवून उकिडवे बसलो, अंतर ठेवून. पुतण्या चमक आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजत होता, तीन सेकंदाला एक किलोमीटर. आकडा वाढायला लागला तसा वहिनींचा चेहरा सैल झाला.

तेवढ्यात गेवराईहून काकांचा फोन. आमचा आवाज चिरका झालेला, पण त्यांना त्याचं काही नाही.

"तिकडं ढग आहे का रे? कापलेलं सोयाबीन रानात पडलंय."

"आहे. तुमच्याकडंच निघालाय बहुतेक."

"मग आधी सांगायचं ना!" म्हणाले, आणि ताडपत्री, ताडपत्री असं कुणाला तरी ओरडत फोन ठेवला.